सुभेदारांचा अंदाज आणि वैशालीचे लग्न

स्वारगेटहून सकाळची बारामती गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ तीन डाग होते: कपड्यांची पिशवी, फिरकीचा तांब्या आणि आहेरासाठी घेतलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचा खोका. खोका मी मांडीवरच ठेवला. कंडक्टरने त्याच्याकडे दोनदा पाहिले आणि तिकीट एकच फाडले.

ओंकार, रेवा, तुम्ही फोनवर विचारलेत की मे महिन्याच्या उन्हात आजी निघाली तरी कुठे. निघाले होते इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला, नरसिंहपूरजवळच्या एका गावात, लग्नाला. माझ्या शाळेत गणित शिकवणारी सुमन निवृत्त झाल्यावर तिच्या भावाकडे राहायला गेली. भाऊ म्हणजे सैन्यातले निवृत्त सुभेदार. सगळे गाव त्यांना आबा म्हणते. त्यांची धाकटी मुलगी वैशाली बारामतीच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तिचे लग्न रविवारी होते. नवरा मुलगा मिलिंद सैन्यात नाईक, लग्नापुरता रजेवर आलेला. मी गुरुवारीच निघाले, कारण लग्नघरी दोन दिवस आधी पोचलेल्या म्हातारीला निदान लसूण सोलायला तरी मिळतो.

त्या आठवड्यात सीमेवर गोळीबार वाढल्याच्या बातम्या येत होत्या, आणि दिल्लीत पंतप्रधान बदलून जेमतेम दीड महिना झाला होता. त्यामुळे गाडीत हडपसर यायच्या आतच चर्चा पेटली. माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीतले एक शेतकरी होते. मागच्या बाकावरचे लोक त्यांना तात्या म्हणत होते, म्हणून मीही म्हटले.

"बाई, तुमी शिकलेल्या दिसता. ह्यो नवा गडी लढाईचं ठरवू शकंल का?"

मी म्हणाले, "जबाबदारीच्या जागी बसलेल्या माणसाने लवकर ठरवावे. तयारी असली की वेळ लागत नाही."

"आमच्या कारखान्यात नवा चेअरमन आला," तात्या म्हणाले. "हंगामाच्या पयल्या दिवशी त्यानं गव्हाणीत उसाची मोळी टाकली, फोटो काढला, पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी बॉयलर बंद पडला. चेअरमन कुठं? सत्काराला! कारखाना चालू केला फिटरनं."

"तात्या, म्हणजे लढाई फिटरवर सोडायची का?" मागून कुणीतरी विचारले.

"लढाई फिटरच करतोय रं. पर बंद करायचं बटन चेअरमनच्या हातात असतंय, त्याची भीती हाय."

पाटसच्या अलीकडे मागचे चाक बसले. सगळे खाली उतरलो. जादा चाक बाहेर काढले तर तेही नरमच! तात्या ड्रायव्हरला म्हणाले, "पंतप्रधानांचं र्‍हाऊ द्या, आधी तुमी तयार हाय का ते सांगा." ड्रायव्हरसुद्धा हसला. तासाभराने एका ट्रकवाल्याने हवा भरून दिली.

बारामतीला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. स्थानकासमोरच्या रसवंतीत आले-लिंबू घातलेला उसाचा रस घेतला, दोन पेले. रस्त्यावरून एमआयडीसीच्या पाळीला निघालेल्या मोटारसायकलींची रांग जात होती. प्रत्येक गाडीवर दोघे आणि दोघांच्या मध्ये एक जेवणाचा डबा. मग इंदापूरची गाडी मिळाली. दोन्ही बाजूंना नुकत्याच तुटलेल्या उसाचे खोडवे (तोडल्यावर पुन्हा फुटलेले पीक) हिरवेगार उभे होते. मध्येच कालव्याला पाण्याची पाळी आली होती आणि तेवढ्या पट्ट्यात वारा एकदम गार झाला.

वालचंदनगरला मिलिंद मला घ्यायला आला होता. त्याचे वडील तिथल्या कारखान्यात आहेत. एकसारख्या वसाहतीतल्या त्यांच्या घरी ताक पिऊन आम्ही त्याच्या मित्राच्या जीपने पुढे निघालो. मुलगा सडपातळ, कमी बोलणारा. खोका त्याने माझ्या हातातून असा घेतला की जणू त्यात तान्हे मूल आहे. मी त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो लाजून म्हणाला, "बाई, कोण पंतप्रधान हाय आन कसा हाय, ते आमाला कोण इचारत न्हाय. आमाला तार येती."

आबांच्या अंगणात मांडव पडला होता. आबा सत्तरीकडे झुकलेले, ताठ, मिशा पांढऱ्या. खुर्चीत बसून ते मांडववाल्याला असे हुकूम सोडत होते की तो बिचारा दोनदा "जी सायेब" म्हणून गेला. सुमनने मला पाहून पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बाई आल्या! आता लसणाची काळजी मिटली." रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी आणि चिलापीचे कालवण होते. चिलापी म्हणजे उजनीच्या पाण्यातला मासा. काटे फार, पण चव अशी की काटे काढायचे कष्ट विसरावेत.

जेवताना रेडिओवर बातम्या लागल्या. मिलिंदने हात थांबवला. आबांनी मात्र कालवण भुरकत निकाल दिला.

"काय न्हाय व्हायचं. मी लई सायेब बगितलेत. नवा सायेब पयल्यांदा बैठक घेतो. मग बैठकीवर बैठक. मग नकाशा मागवतो. दिल्ली आठवडा लावील. रविवारी लग्न, बुधवारी पोरानं निवांत जावं."

"आबा, आठवडा कशावरून?" वैशालीने विचारले.

"अनुभवावरून. तुझ्या दवाखान्यात नवीन डाक्टर लगीच पोट कापतो का?"

"कापावं लागलं तर कापतो," ती म्हणाली, आणि सगळे हसले. आबाही हसले, पण जरा उशिरा.

शुक्रवारी सकाळी वैशाली मला नरसिंहपूरला घेऊन गेली. नीरा आणि भीमा जिथे मिळतात तिथे काळ्या दगडाचे नृसिंहाचे देऊळ आणि खाली रुंद घाट आहे. उन्हाळ्यामुळे पाणी खूप खाली गेले होते. दोन नद्यांच्या मधल्या वाळूत कुणीतरी टरबुजांचे वेल लावले होते. मी देवळात जाऊन आले. आबांच्या घरची मंडळी बौद्ध, देवळात जात नाहीत. वैशाली तोवर घाटावर बसून होती. परत येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तिने पर्समधून दवाखान्यातली चिकटपट्टी काढून असा काही बांधून दिला की पुण्यापर्यंत तो हलला नाही.

पट्टी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "बाई, आबा रोज म्हणतात नवा पंतप्रधान तयार नाही. ते मला सांगतात की स्वतःला, कळत नाही."

"तुला भीती वाटते का?"

"वाटते की. पण लग्न झालं नाही तर कमी वाटेल असं काही नाही." तिने पट्टीचे टोक दातांनी तोडले. "मग भीती मांडवात बसूनच वाटलेली बरी."

त्या संध्याकाळी गावातल्या फोनवाल्याचा मुलगा मिलिंदच्या घरचा निरोप घेऊन धावत आला: मिलिंदच्या पलटणीतल्या दोघांना परत बोलावले आहे, लग्न उद्याच उरकावे का? त्यांच्यात मुहूर्त बघत नाहीत. दिवस कोणताही, वेळ कोणतीही चालते. बौद्धाचार्य आले, बुद्धांसमोर मेणबत्ती लागली की लग्न लागते. त्यामुळे अडचण अशी काहीच नव्हती. पण आबा ठाम राहिले. "पत्रिका रविवारच्या गेल्यात. दिल्ली इतक्यात ठरवत न्हाय. रविवार म्हंजे रविवार!"

सुमनने समोरचा लसूण माझ्याकडे सरकवला आणि आत गेली.

शनिवारी साडेनऊला मिलिंद मोटारसायकलवरून आला, पाठोपाठ मित्राची जीप. घामाने शर्ट चिकटला होता. खिशातून त्याने तार काढली आणि आबांच्या हातात दिली. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. संध्याकाळची गाडी दौंडला पकडायची होती, म्हणजे दुपारी दोनला इथून निघायलाच हवे.

मिलिंद म्हणाला, "आबा, तुमी सांगाल तसं. आज म्हनला तर आज. थांबा म्हनला तर मी परत येईपतूर थांबतो."

सगळे आबांकडे पाहू लागले. गेले दोन दिवस खुर्चीतून हुकूम सोडणारा हा माणूस तार हातात धरून नुसता उभा होता. मग म्हणाले, "मंडळी यायची हायत... आचारी उद्याचा हाय... बौद्धाचार्यांना इचारलं पायजे..." एक वाक्य पुरे होईना. शेवटी म्हणाले, "आपण जरा बसून ठरवू."

"बैठक!" मिलिंदच्या मित्राच्या तोंडून निसटले. कुणी हसले नाही.

तेव्हा सुमन पुढे आली. मुलांनो, तुम्हाला हे सांगायला हवे: सुमनचा नवरा सैनिक होता. ते स्थळ आबांनीच आणले होते. पासष्टच्या लढाईत तो गेला, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. आम्ही इतकी वर्षे एका शिक्षकखोलीत डबे खाल्ले, पण त्याविषयी ती दोन वाक्यांपलीकडे कधी बोलली नव्हती.

ती म्हणाली, "दादा, तू दिल्लीची वाट बघत नव्हतास. ही वेळ टळावी म्हणून वाट बघत होतास."

आबांनी तिच्याकडे पाहिले नाही. "तुझं लगीन मी लावलं, सुमे. मी त्या दिवसापास्नं..."

"लावलंस, आणि मला विचारलं नव्हतंस. मी हो म्हणाले असते. तो फार चांगला होता. पण विचारलं नव्हतंस. हिला विचार."

आबा सावकाश वैशालीकडे वळले. तिने हळद लागलेले हात पुढे धरले होते, कसे ठेवावेत ते न सुचून.

"आज," ती म्हणाली. "बारा वाजता. अन् आबा, मला रडवू नका, मला अजून साडी नेसायचीय."

इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून वैशालीची आई ओरडली, "डाळ भिजलीया, पीठ दळून आलंय. आचारी न्हाय आला तर मी हाय! बायकांनो, चुली पेटवा!"

मग जे सुरू झाले ते पाहायला तुम्ही हवे होतात. आबा एकदम जागे झाले. वैशालीचे दोन चुलतभाऊ एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांना मोटारसायकलींवर पिटाळले, एकाला बौद्धाचार्यांकडे (ते शेजारच्या गावातले शाळामास्तर), दुसऱ्याला मिलिंदच्या आईवडिलांकडे. आबा स्वतः फाट्यावर जाऊन उभे राहिले आणि ओळखीची प्रत्येक जीप, प्रत्येक ट्रॅक्टर थांबवून सांगू लागले, "उद्याचं लगीन आज हाय, चला!" एक दूधवाला किटल्यांसकट आला आणि किटल्यांसकटच मांडवात बसला. वांगी मी चिरली. पहिल्या दहा वांग्यांचे तुकडे एकसारखे झाले, पुढची कशी झाली ते विचारू नका.

बौद्धाचार्य पावणेबाराला पोचले, धोतर सावरत, धापा टाकत. वैशाली पांढऱ्या साडीत आली. मिलिंद त्याच घामेजल्या शर्टावर आबांचा जुना कोट घालून उभा राहिला. बाह्या आखूड पडत होत्या. मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण, पंचशील झाले, दोघांनी माळा घातल्या, आणि आम्ही पन्नाससाठ माणसांनी फुलांच्या पाकळ्या टाकल्या. वरणाला अजून उकळी येत होती. मिलिंद अर्ध्या तासात जेवला, सर्वांच्या पाया पडला. निघताना आबांनी त्याला सलाम केला. त्यानेही केला. मग आबांनी सलामाचा हात खाली न आणता तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला.

दोनला पाच मिनिटे कमी असताना जीप निघाली. वैशाली दौंडपर्यंत सोबत गेली.

रविवारी खरी पत्रिकेची मंडळी आली, भरजरी लुगडी नेसून, फेटे बांधून. वैशाली दारात उभी राहून एकेकाला सांगत होती, "लग्न झालं काका, जेवण तेवढं राहिलंय." सगळे जेवले. एक आजीबाई मात्र मला हळूच विचारत होत्या, "नवरा कुठला गं त्यातला?"

सोमवारी आबा मला फाट्यावर सोडायला आले. गाडीला उशीर होता. मी म्हणाले, "सुभेदार, आता काय म्हणता? नवे पंतप्रधान तयार आहेत का?"

त्यांनी माझी पिशवी रस्त्याकडेच्या दगडावर ठेवली. "बाई, तयार कोण असतंय? मी माझ्याच दारात तयार नव्हतो. मला सुमीच्या तोंडाकडं बगवत न्हवतं, म्हणून ठरत न्हवतं. पोरीच्या तोंडाकडं बगितलं, मग ठरलं. दिल्लीवाल्यानं बी कुणाच्या तरी तोंडाकडं बगूनच ठरवावं. मग ते व्हय असू दे न्हायतर न्हाय."

आज पुण्याला येऊन बारा दिवस झाले. वैशालीचे कार्ड आले आहे. मिलिंद पोचला, तिकडे थंडी आहे, त्याने आबांचा कोट चुकून अंगावरच नेला. ती कामावर रुजू झाली आहे.

वर्तमानपत्रात रोज पहिल्या पानावर दिल्लीतल्या बैठकांच्या बातम्या असतात. त्या गुरुवारी एसटीत मी तात्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितले होते की तयार माणूस लवकर ठरवतो. आता सकाळी पेपर उघडते, बैठक अजून चालूच आहे असे वाचते, आणि मग जरा निवांतपणे चहा घेते.