गोळ्यांचा गुण

माझी ताई काजं करायची. कोटाची काजं, हाताने. मशीन आलं तेव्हा लोक म्हणाले, आता हाताच्या काजाला कोण विचारतंय. पण ज्यांना कोटातलं कळतं ते ताईचं काज बोटाने चाचपून बघायचे आणि मगच कोट अंगात घालायचे. भावोजींना सगळे मास्तर म्हणतात. माप, बेतणं, कापणं, शिवणं सगळं त्यांचं. काजाला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. "कोट माझा, पण त्याचा चेहरा हिचा," असं गिऱ्हाइकाला सांगायचे आणि ताई मान खाली घालून हसायची.

दुकान खाली, घर वर. ऑफिसातून घरी जाताना मी रोज तिथे टेकते, त्यामुळे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. निदान मला तसं वाटत होतं.

आधी सकाळी मूठ वळेना. ताई चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायची. मग पेरं सुजली, दोन्ही हातांची, आणि बोटात अंगुस्तानाची टोपी चढेना. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "रक्त तपासून घ्या. हा संधिवाताचा असा प्रकार असू शकतो की औषध वेळेवर सुरू करावं लागतं." ताई हो हो म्हणाली आणि तपासणीची चिठ्ठी पिशवीतच राहू दिली. मोठ्या औषधांची तिला धास्ती. एकदा सुरू झाली की सुटत नाहीत, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आली, मी जिला गुडघेबाई म्हणते ती. तिचे गुडघे वयाने झिजलेले. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, हळदीच्या अर्काच्या कॅप्सुला आणि माशाचं तेल घेऊन म्हणे तिला बरं वाटत होतं. वाटत असेलही, मी कशाला नाही म्हणू? पण तिने त्याच बाटल्या ताईच्या हातात ठेवल्या. मी म्हटलं, "अगं, तिचे गुडघे झिजलेत, तुझी बोटं सुजलीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं कसं चालेल?" ताई म्हणाली, "घेऊन बघायला काय जातंय?" हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला मी एकदा गाठणार आहे.

गुण यायला दोन-तीन महिने लागतात, असं बाटलीवर लिहिलेलं. त्याच सुमारास जाड गरम कापडाचा एक कोट ताईकडे आला. सुई आरपार जाईना. तिने दातांनी ओढून पाहिली, मग कोट मांडीवरून खाली ठेवला आणि रडली. मास्तर कात्री हातात धरून नुसते उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काय केलं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांच्या दुकानाची एक रीत होती. सकाळी दार उघडेल त्याने दिवसाचं काम खुंट्यांवर लावायचं, आणि ताईने तिच्या खुंटीवर असेल ते उचलायचं, विचारायचं नाही. दार मास्तरच उघडायचे. जाड कोट ते गुपचूप पलीकडच्या रस्त्यावरच्या कारागिराकडे पाठवू लागले, आणि ताईच्या खुंटीवर येऊ लागलं सुती, तलम, लोण्यासारखं कापड. ऋतू बदलला की कापड बदलतंच, म्हणून ताईला त्यात वेगळं काही वाटलं नाही. गोळ्यांचा गुण येईपर्यंत तिच्या हाताला आराम, एवढाच मास्तरांचा हिशेब.

आणि गुण आला! ताईच्या खुंटीवरचा कोट संध्याकाळच्या आत पुरा होऊ लागला. "बघ," ती मला म्हणायची, "तुझी जीभ चालते, माझा हात चालतो." तयार कोट समोर लटकलेले. रक्ताची तपासणी आधी लग्नसराईनंतर, मग सुट्टीनंतर, असं करत राहूनच गेली. मास्तर तिचा खुललेला चेहरा बघायचे आणि त्यांना तोंड उघडवेना.

पुढे बोटं एका बाजूला कलायला लागली, तेव्हा मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. मास्तरही आले. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळ्या म्हणजे विष नव्हे. झिजेच्या दुखण्यात कुणाकुणाला थोडा आराम वाटतो, कुणाला काहीच नाही. पण तुमच्यात शरीरच सांध्यांवर उठलंय. ते या गोळ्यांनी थांबत नाही. आता औषधाने सूज उतरेल, वाकलेलं मात्र सरळ होणार नाही." मग सहज विचारलं, "बरं वाटतंय, असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

"काजं पूर्वीइतकीच व्हायची ना," ताई म्हणाली.

तेव्हा मास्तरांनी सांगितलं. भिंतीकडे बघत, सगळं.

मला इतका संताप आला की तिथेच चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. ताई ओरडली नाही. तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

"मला दुखायचं हो," ती म्हणाली. "रोज दुखायचं. पण काम होतंय म्हटल्यावर मला वाटायचं, मीच बाऊ करतेय. म्हणून मी कुणाला बोललेच नाही."

मास्तर म्हणाले, "तू रडलेलं मला बघवलं नाही."

"मग रडू द्यायचं होतंत. रडत रडत इथे तरी आले असते."

आता ती खरी औषधं घेते. धास्ती होती तसं काही झालं नाही. अधूनमधून रक्त तपासतात, एवढंच. सूज उतरली, सकाळी कपही धरता येतो. काजं मशीनवर होतात. मास्तर दुकान उघडायच्या आधी तिच्याजवळ येऊन बसतात आणि विचारतात, "दुखतंय का? खरं सांग."

"नाही," ती म्हणते, आणि ते खरंच असतं. हात कधीच दुखत नाहीत आता. सुई तेवढी धरता येत नाही.