कुरणावरची आपापली जागा

आमच्या गल्लीत दोन गोष्टींना कधी तोटा नव्हता. कुरणावरची कुसळं आणि कुरणाचे किस्से. दोन्ही लुगड्याला चिकटून घरात येतात, आणि मग बसा उपटत! आता गवतच राहिलं नाही, तर कुसळं कुठली? किस्से तेवढे राहिलेत. मी दहावीपर्यंत शिकलेली, मला काही लिहिणं जमत नाही. पण आमचा ओटा गल्लीच्या तोंडाशीच आहे, आणि कोण आलं, कोण गेलं हे बघितल्याशिवाय मला घास गिळवत नाही. सासूबाई म्हणतात, "हिचं अर्धं लगीन आमच्या लेकाशी लागलंय आन् अर्धं ह्या ओट्याशी!"

नांदेडात, गोदावरीच्या काठाला, आमच्या गल्लीच्या पाठीमागं हे कुरण होतं. होतं म्हणजे अजून हाय. पण एका बाजेपुरतं.

*

पहिला किस्सा माझ्या जन्माच्या आधीचा. बशीरमामूंनी सांगितलेला. बशीरमामू आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे पिंजारी, गाद्या-रजया भरतात. निजामाच्या वेळी त्यांचे दादा, म्हणजे आजोबा, या कुरणाचे राखणदार होते. गवत सरकारी घोड्यांचं. दुसऱ्या कुठल्या जनावरानं तोंड लावलं की मालकाची खैर नाही.

एकदा साहेब न सांगता तपासणीला आला. बघतो तर गवतात माझ्या आजेसासऱ्यांची म्हैस, पाठीपर्यंत बुडालेली, डोळे मिटून चरून राहिली!

"ये क्या है?"

म्हैस समोर उभी, नाही कसं म्हणणार? दादांनी हात जोडले. "हुजूर, घोड्यांची जी शिंगरं बिनमाँ की हैं, उनको दूध पिलाने रखे हैं!"

साहेब इतका खूश झाला, की त्या दिवसापासून म्हशीला सरकारी चारा लागू!

*

मी लग्न होऊन आले तेव्हा घोडे जाऊन जमाना झाला होता. कुरण सगळ्यांचं झालं होतं. एका अंगाला अक्काच्या म्हशी, एका अंगाला मामूंची पिंजण, आणि चैत्रात मधल्या भागात आम्हा बायकांचं वाळवण.

अक्का म्हणजे समोरच्या घरातली, मन्मथअप्पांची बायको. माहेर उदगीरचं, धंदा दुधाचा, बोलणं कडक. दर उन्हाळ्याला मामूंच्या कापसाचं आणि आमच्या कुरडयांचं भांडण लागायचं. वारा सुटला की सगळा कापूस कुरडयांवर!

मी आले त्याच साली अक्काच्या लेकीला, शेवंताला, बघायला औशाकडचे पाहुणे आले. अक्कानं त्याच कापूस बसलेल्या कुरडया तळल्या. आम्ही दाराआडून जीव मुठीत धरून बघून राहिलो. मुलाच्या आईनं एक तुकडा तोंडात टाकला, चावला, परत चावला.

"कुरडई लई हलकी झालीय हो! अगदी कापसागत!"

सोयरीक जमली. मामू मरेस्तोवर म्हणणार, "शेवंताची शादी मेरे कापूस ने जमायी!"

*

मग तो भूकंप. विसर्जन होऊन माणसं थकून झोपली होती. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली. आमच्याकडं नुसती मांडणीवरची भांडी पडली, पण सगळी गल्ली कुरणावर पळाली. सासरे टीव्ही घेऊन पळाले. सासूबाई वरवंटा घेऊन. "ह्याचं काय करायचं होतं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "हाताला जे लागलं ते घेतलं. तुझा हात लागला असता तर तुला बी घेतलं असतं!"

मामूंनी दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकांच्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या गवतावर अंथरल्या. पंधरवड्यानं एक गिऱ्हाईक तावातावात आलं. "मामू, माझी गादी कुठाय?"

"हळू बोलो भाई. त्याच्यावर तिसऱ्या घरची बाळंतीण सोयी है."

त्या दिवसांत ज्यानं त्यानं आपल्या जागेच्या चारी कोपऱ्यांना दगड लावले. ही तुमची जागा, ही आमची. घराकडं सैपाकापुरतं जायचं, झोपायला दगडांत. अक्कानं दोन जागा लावल्या. एक बाजेची, आणि तिला लागून एक मोकळी.

अप्पा औशाकडं जाऊन आले. तिकडं जे करायचं होतं ते करून आले. शेवंताच्या घराचं एक बी माणूस भाईर निघालं नव्हतं. अप्पा येऊन कुरणावर बसले. अक्कानं काही विचारलं नाही. म्हशी सोडायची वेळ झाली होती, ती सोडून आली.

*

एकदा तर एक मदतीचा ट्रक कुरणावरच येऊन थांबला! लांबून आलेली पोरं. एवढी माणसं उघड्यावर बघून त्यांना वाटलं, हीच किल्लारी. भराभरा चादरी आणि बिस्किटं वाटायला लागली.

सासूबाई पुढं झाल्या. "बाबांनो, अजून लई पुढं जायचंय तुम्हाला. आमची घरं उभी हायत."

"मग तुम्ही बाहेर का झोपता?"

"घरं उभी हायत, पर आत जायला पाय उभे राहात न्हाईत."

पोरांनी चादरी परत गोळा केल्या. बिस्किटं मात्र आमच्या लेकरांनी तोवर संपवली होती!

*

हळूहळू माणसं घरात गेली. दगड तसेच राहिले. कुणी उचलायला धजेना. "परत झालं तर?" एवढंच म्हणायचं आणि तण वाढू द्यायचं. अक्का मात्र घरात गेलीच नाही. दिवसा घरी, झोपायला बाजेवर. पावसात वर ताडपत्री. बाजेशेजारची ती चार दगडांची जागा ती रोज झाडायची.

मी एकदा धीर करून विचारलं. मला न विचारता राहवतं कुठं? "अक्का, ही जागा कशाला?"

"शेवंताची हाय."

माझं तोंड बघून म्हणाली, "म्या येडी न्हाई. मला म्हाइत हाय. पर जागा ठिवायला काय जातंय?"

*

मग आलं कोचिंगचं वारं. आधी लातूरला, मग आमच्याकडं. उमरीची, मुदखेडची, कुठली कुठली पोरं डॉक्टर व्हायला आमच्या गल्लीत. आणि ज्या गल्लीनं त्या साली छताखाली झोपायचं नाव घेतलं नव्हतं, तिनं एकावर एक तीन-तीन स्लॅब टाकून खोल्या काढल्या! आम्ही बी काढल्या. कुरणात पार्किंग झालं, चहाची गाडी झाली, मग पोरींचं हॉस्टेल उभं राहिलं.

हॉस्टेलचा पाया खोदायच्या आधी ठेकेदार तण काढायला आला आणि तणाखाली चार-चार दगडांच्या ओळी! गडी घाबरला. टोपी काढून मामूंकडं आला. "चाचा, इतक्या कबरी? आम्हाला कुणी बोललंच न्हाई!"

मामू रजईला टाके घालून राहिले होते. मान वर न करता म्हणाले, "कबरी नै साब. बिछाने हैं."

*

हॉस्टेलच्या मागं क्लासवाल्यांनी चालायचा ट्रॅक केला. आता त्या ट्रॅकच्या वाटेत अक्काची बाज. ट्रॅकसूट घातलेले एक सर कळवळून सांगायला आले, "आजी, बाज हलवा ना. आम्हाला पळता येत नाही."

"पळायलाच आलाव ना?"

"हो."

"मग वळसा घालून पळा. तेवढंच जास्तीचं व्हईल!"

अप्पा तोवर गेले होते, म्हशी विकल्या होत्या, अक्काचे गुडघे गेले होते. पण ट्रॅक वाकला.

*

आज आलात तर हॉस्टेलच्या कंपाउंडची भिंत पण तुम्हाला तिथं वाकलेली दिसेल. नकाशात सरळ हाय. लोक ओट्यावर येऊन मलाच विचारतात, का हो, असं का? सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

भिंतीची सरळ रेघ अक्काच्या बाजेवरनं जात होती. पाया खोदत खोदत गवंडी तिथवर आले. दुपारची वेळ. सुपरवायझर पोरगा भला होता. चारदा येऊन म्हणाला, "आजी, उठा ना. मला वरून बोलणी बसतात." अक्का बाजेवर बसून. आम्ही बायका भोवती उभ्या. खरं सांगते, समजूत काढायलाच गेलो होतो. तिला म्हटलं, "अक्का, किती दिस अशी बसणार? चला घरी."

"घरात मला नीज न्हाई येत बाई," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ, ते सांग."

कुणी काही सांगायच्या आत जमीन गुरगुरली.

आमच्याकडं अधूनमधून असं होतं. जरा हलतं, राहतं. पण वरच्या मजल्यावरची काच खळ्ळकन फुटली आणि हॉस्टेलातल्या पोरी किंचाळत जिन्यावरून खाली. अनवाणी, कुणाच्या हातात पुस्तक, कुणाच्या हातात नुसता पेन. जातील कुठं? पार्किंगमध्ये गाड्या खचाखच, समोर आमचे तीन-तीन मजले. मोकळी म्हणून जागा एकच. सगळ्या अक्काच्या बाजेभोवती! आम्ही बी तिथंच. सुपरवायझर बी, गवंडी बी. अंगाला अंग घासून उभे. पण त्या चार दगडांत कुणी पाय ठेवला नाही. गल्लीतल्या लोकांना ठाऊक होतं, आणि आम्ही उभ्या राहिलो तशा पोरी बी कडेनं उभ्या राहिल्या.

शेवटी एक बारकी पोर पळत आली. आल्या आल्या त्या मोकळ्या जागेत मटकन खाली बसली.

सासूबाई ओरडल्या, "अगं तिथं नको बसू! ऊठ!"

अक्कानं हात वर केला.

अक्का वाकून तिच्याकडं बघून राहिली. मग म्हणाली, "कुठली गं तू?"

"उदगीरची."

"मायेला फोन केलास का?"

"मोबाईल वरच राहिला, आजी."

अक्कानं सुपरवायझरकडं हात पसरला. त्यानं खिशातला फोन काढून दिला. अक्कानं तो पोरीच्या हातात ठेवला.

"लाव. आन् बाकीचं मागनं बोल. आधी तिला सांग, मी भाईर हाय म्हणून."