चूप मिस्त्री

मूर्तिजापूरच्या रेल्वे फाटकाजवळ मोटारी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. सगळे त्यांना चूप मिस्त्री म्हणत. बिघडलेली मोटार दारात आली की ते पान्याला हातच लावत नसत. आधी भोवतालच्या मंडळींना म्हणत, "चूप राहा बरं." मग मालकाकडे वळत. "आता तुमी सांगा. कशी बंद पडते? आवाज काढून दाखवा."

आवाज काढून दाखवणं ही त्यांची अटच होती. एक बागाईतदार म्हणे या अटीवर रागावून मोटार ढकलत निघून गेले आणि फर्लांगभरावरून घामाघूम होऊन परत आले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मॅट्रिक झाल्यावर. बाळापूरजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अमरावतीला प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता आणि दोन वाजता खिडकी बंद होणार होती. अकोल्यात ज्यांच्या घरी बाबा भाजी देत, ते वकीलसाहेब आम्हा दोघांना आपल्या जुन्या विलायती मोटारीतून नेत होते. मी आर्ट्सला जायचं, हेही त्यांनीच ठरवलं होतं. मला सायन्स हवं होतं. पण ते मी बाबांनाही सांगितलं नव्हतं.

मोटार धावताना झकास चालायची. उभी राहिली की थरथरून बंद पडायची. मूर्तिजापूरला फाटक लागलेलं. मालगाडी जाईपर्यंत ती तीनदा बंद पडली आणि नंतर सुरूच होईना. बाबांनी आणि मी ढकलत ती मिस्त्रींच्या शेडपर्यंत आणली.

"मिस्त्री, साडेअकरा झाले," वकीलसाहेब म्हणाले. "अकोल्यात दोघा मिस्त्र्यांनी पाहिलीय. कार्बोरेटरचा स्क्रू..."

"चूप राहा बरं साहेब. आवाज काढा."

कोर्टात ज्यांच्या आवाजानं साक्षीदार गडबडत, त्या वकीलसाहेबांनी कोटाची बटणं सारखी केली, गाल फुगवले आणि "भुक्... भुक् भुक्... फुस्" केलं. बाबांनी उपरण्यात तोंड लपवलं.

"हे त साऱ्याच गाड्या करते," मिस्त्री म्हणाले आणि एकदम माझ्याकडे वळले. "तू मांगं बसली होती ना माय? तुले काय आयकू आलं?"

"तिला काय समजतं मोटारीतलं?" वकीलसाहेब म्हणाले.

"म्हनूनच इचारून राहिलो. तिनं काई आधीच ठरवलं नसन."

मी बाबांकडे पाहिलं. मग चाचरत म्हणाले, "उभी राहिली की सूं करते. फुगलेल्या भाकरीतून वाफ निघते ना, तसं. पळताना नाही येत."

मिस्त्री उठले. मोटार आता जरा निवली होती, ती खोकत सुरू झाली. त्यांनी कोंबडीचं एक पीस तेलात बुडवलं आणि इंजिनाच्या एकेका सांध्यावरून फिरवलं. कार्बोरेटरच्या बुडाशी पीस आलं, तेल आत ओढलं गेलं आणि सूं थांबलं. क्षणभर इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

"हे पाय. पॅकिंग फाटलं, इथून हवा पिऊन राहिली. पळताना खपून जाते, उभी राहिली का मरते. अन् तुमी स्क्रू पिळून राहिले!"

पॅकिंग कापायला जाड पुठ्ठा हवा होता. मिस्त्रींनी मागच्या सीटवरची फाईल उचलली. "साहेब, ह्या केसचा निकाल लागला का?"

"लागला."

"मंग द्या पुठ्ठा."

पावणेदोनला आम्ही कॉलेजच्या खिडकीशी होतो. कारकुनानं विचारलं, "शाखा?" वकीलसाहेबांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मी चूप बसतो बाप्पा. तूच सांग."

"सायन्स," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाबांना तो शब्द नवा होता, तरी त्यांनी मान हलवली.

पुढे सुट्टीत घरी जाताना मूर्तिजापूरला एसटी थांबली की मी शेडकडे धावत जाई. मिस्त्री विचारत, "काय शिकून राहिली?" आणि माझं सगळं ऐकून घेत. तिसऱ्या वर्षी शेडला कुलूप दिसलं. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, मिस्त्री मुलाकडे नागपूरला गेले. कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं.

"हात त चांगले चालत होते," तो म्हणाला. "म्या लय समजावलं. त म्हने, 'आयकू आल्याबिगर पाना लावला, त लोकाच्या गाडीचं वाटोळं करीन.' अन् कुलूप घातलं."