राजीखुशीची पाठवणी

वहिनींनी माझी ओटी भरली, तेव्हा परदेशातल्या, बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायका बघत होत्या. खण, नारळ, तांदूळ. मी नवऱ्याने टाकलेली, त्यात माझी जात त्यांना ठाऊक. एरवी हळदीकुंकू असलं की मला स्वयंपाकघरात ठेवून दार लोटून घ्यायचे. त्या दिवशी मात्र पाटावर बसवलं.

"घरची मुलगीच ही आमची. राजीखुशीने माहेरी चाललीय," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी फोटो काढला. एक बाई म्हणाली, "किती करता हो तुम्ही कामवालीचं!"

मी वाकून वहिनींच्या पाया पडले. आठ दिवसांपूर्वी त्याच वहिनींनी माझ्या दंडाला तापलेली इस्त्री लावली होती. साहेबांचा शर्ट जळला म्हणून. बाहीखाली जखम ओली होती आणि मी हसत होते. मला खरंच आनंद झाला होता. चारचौघींत मला कुंकू लावलं म्हणून! लाज वाटते मला. इस्त्रीची नाही, त्या आनंदाची.

घाईघाईने परत का पाठवतायत, हे कचरा टाकायला खाली गेले तेव्हा कळलं. शेजारच्या घरात काम करणारी फिलिपिनो बाई भेटली. तिने माझा दंड पाहिला होता. म्हणाली, "यू गो होम, केस फिनिश लाह. टेल द ऑफिसर." देश सोडण्याआधी तक्रार केली तरच काही होणार. स्वतःहून गेले की मिटलं सगळं.

सकाळी साहेबांनी विमानतळावर नेलं. माझा पासपोर्ट कायम त्यांच्याच कपाटात असायचा, तो आत जाताना हातात दिला. "विचारलं तर यस म्हण. जास्त बोलायचं नाही."

पासपोर्ट तपासणाऱ्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "गोइंग होम?"

काचेपलीकडे साहेब उभे होते. तोंडातून "यस" निघून गेलं. सवयच ती. त्याने शिक्का उचलला. मी बाही वर केली.

"नो. मॅडम सेंडिंग. आय नॉट गोइंग."

माझं कामाचं परमिट आधीच रद्द झालं होतं. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत राहायची परवानगी मिळाली, काम करायची नाही. चर्चच्या वसतिगृहात राहिले. वहिनींच्या वकिलाने तोच फोटो पुढे केला. ही तर स्वतःच्या मर्जीने निघाली होती, बघा कशी हसतेय! माझी मान वर होईना.

मग वसतिगृहात साहेबांचा फोन आला. "तक्रार मागे घे. परक्या मुलखात आपल्या माणसांची अब्रू काढतेस?"

आपली माणसं! मला प्यायचं भांडं वेगळं देणारी. आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांचं बोलणं अर्ध्यावर तोडून फोन ठेवला.

साक्षीच्या आधी मला मदत करणाऱ्या वकीलबाईंनी समजावलं, "इस्त्रीचं सांग. जातीचं नको, इथे कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, सांगणार. भांड्याचं, लोटलेल्या दाराचं, सगळं. कळेपर्यंत सांगणार.