थेंब बंद केला

मंगळवारी सकाळी माझे पती कारखान्यात लेथसमोरच्या स्टुलावर बसले आणि वारले. मी शाळेत दहावीच्या वर्गावर होते. शिपाई बोलवायला आला तेव्हा फळ्यावर एक वाक्य लिहीत होते. ते मी पुरं केलं आणि मग निघाले. तसं का केलं, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्यात पुरतात. माती देऊन मंगळवार पेठेतल्या घरी आलो, तर दिरांनी पहिला प्रश्न विचारला, "होडीचं काय करायचं?"

होडी देवगडच्या बाजूला एका खाडीत असते. लहान, शिडाची, पोटात डिझेलचं इंजिन. कोल्हापूरच्या माणसाला होडी कशाला, असं लोक विचारायचे. यांचा धंदा नदीवरच्या पंपांचे शाफ्ट बनवण्याचा. "तिथंबी पाण्यात लोखंड फिरवायचं, हितंबी," एवढंच उत्तर असायचं. होडीचा शाफ्ट त्यांनी स्वतः लेथवर घडवला होता. तो इंजिनापासून निघून तळातून बाहेर जातो आणि पाण्यातला पंखा फिरवतो. बाहेर पडतो त्या जागी समुद्र आत येऊ नये म्हणून त्याच्याभोवती चरबीत भिजवलेल्या दोरीचे वेढे घालतात आणि वरून पितळी नट आवळतात. पंपालाही हेच असतं. याला आमच्याकडे ग्लँड म्हणतात. हा शब्द मी लग्नानंतर रोज ऐकला, पण त्यात लक्ष घातलं नाही.

होडी विकायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. महिन्याभरानं एकटीच घाट उतरून गेले. त्यांनी शिकवलं होतं तसं इंजिन चालू केलं, फळी उचलून खाली पाहिलं. ग्लँडमधून थेंब पडत होता. थोडा वेळ गेला की दुसरा.

त्या दिवसांत मी घरातला प्रत्येक नळ दोनदा पिळून बंद करत होते. इंजिन थांबवून त्यांचा पाना घेतला आणि नट आवळला, हात दुखेपर्यंत. मग पुन्हा इंजिन लावलं. थेंब थांबला होता. ते गेल्यापासून पहिल्यांदा एखादं काम नीट झाल्यासारखं वाटलं. अर्धा तास खाडीत फिरले. परतताना जळक्या चरबीचा वास आला. फळी उचलून नटाला बोट लावलं, तर बोट भाजलं.

पुढच्या रविवारी त्यांचे एक मित्र गडमुडशिंगीहून माझ्यासोबत होडी बघायला आले. पंपदुरुस्ती करणारे, आवाज नेहमी इंजिनावरून ऐकू जाईल असा.

"वैनी, ह्यो नट कुणी आवळला?"

"मी. गळत होतं."

"गळत न्हवतं. थेंब पडायलाच पायजे की त्यातनं. त्या पाण्यानंच दोरी गार ऱ्हाती. तुमी पाणीच तोडलासा."

मी पाना उचलून पेटीत ठेवला.

"एवढी पोरं शिकवतासा, एक फोन करून इचारायचं न्हाय व्हय?" मग माझ्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "मीबी नवा हुतो तवा असाच एक जाळलाय. मालकानं हिरीत ढकलायचं तेवढं ऱ्हायलं."

होडी वर ओढून शाफ्ट बाहेर काढला. दोरी होती तिथे दोन खोल चरे पडले होते. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"घासून निघेल?" मी विचारलं.

"घासला तर बारीक हुईल, मग कितीबी दोरी भरा, पाणी यायचंच. नवा करायला लागंल."

"हा त्यांनी केलेला होता."

"म्हाईत हाय. दुसरं टोक मीच धरलंतं."

ते शाफ्ट पुसत राहिले. माती देताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तिथे वाळूत उभी असताना ते आलं. पतींच्या हातची वस्तू मी जपायला आले होते. ती मीच अर्ध्या तासात घालवली होती, आणि तो सगळा वेळ मला बरं वाटत होतं.

नवा शाफ्ट त्या मित्रांनी आमच्याच कारखान्यात, त्याच लेथवर केला. दोरी कशी कापायची, नट हातानं कितपत फिरवायचा आणि मग कुठे थांबायचं, हे त्यांनी मला तीनदा करायला लावलं.

होडी पाण्यात आहे. तिच्यात माझ्या पतींच्या हातचं आता इंजिनाखालची लाकडी बैठक आणि तिचे चार बोल्ट एवढंच राहिलं आहे.