जागा उरली तर

प्रभा गेल्याचं मला शेजाऱ्यांच्या फोनवर कळलं. तिच्या नवऱ्याचा, भास्कररावांचा आवाज होता. "प्रभा गेली, शुभाताई," ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत, "उषाला आजचं विमान मिळेल का हो?" उषा त्यांची एकुलती एक मुलगी, दिल्लीत दिलेली. प्रभानं ज्या विमान कंपनीत सगळी हयात घालवली, त्याच कंपनीत मी अजून नोकरी करते, म्हणून त्यांनी मला विचारलं. आणि मला "हो" म्हणता आलं नाही. त्याला आता काही आठवडे झाले. माणूस गेल्यावर डोळ्यांत पाणी यावं, मला मात्र प्रभाचं नाव काढलं की आधी राग येतो. आठवणी लिहून द्या, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, गोड काही जमणार नाही. चालेल म्हणाले. म्हणून लिहिते आहे.

प्रभा गोराईच्या कोळीवाड्यातली. वडील समुद्रावर आणि आई टोपली घेऊन बोरिवलीच्या बाजारात. रोज होडीनं खाडी ओलांडून ही मुलगी शाळेत आली, मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली आणि सांताक्रूझच्या विमानतळावर काउंटरला लागली. मी तिच्यानंतर काही वर्षांनी आले. सुरुवातीच्याच दिवसांत एक सुटाबुटातला प्रवासी माझ्यावर असा काही ओरडला, की मला रडूच फुटलं. प्रभानं मला बाजूला सारलं, त्याचं काम हसतमुखानं पुरं केलं आणि तो गेल्यावर माझ्याकडे वळली. "रडतेस काय गं? त्यानं तिकीट विकत घेतलंय, तुला नाही." त्या दिवसापासून आमची मैत्री. पुढे तिनं अंधेरीला चकाल्यात घर घेतलं, मीही तिकडेच आले, आणि ड्यूटीला जातायेता आमच्या गप्पांना खळ नसे.

विमान कंपनीत नोकरी म्हणजे फुकट प्रवास, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या नातेवाइकांना तर हेवाच वाटायचा. पण त्या फुकट पासावर एक अट असते : जागा उरली तर. पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले, आणि त्यानंतरही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर पासवाल्यांना घ्यायचं. तोवर काउंटरच्या बाजूला बॅग घेऊन उभं राहायचं. त्यातही आधी आला तो आधी गेला, असं नाही. आधी साहेब, त्यांच्यातही मोठा साहेब आधी, मग बाकीचे नोकरीतले, आणि सगळ्यांच्या शेवटी निवृत्त झालेले. म्हणजे काल लागलेला पोरगाही, पस्तीस वर्षं घासून घरी बसलेल्या माणसाच्या पुढे. ही रांग लावायचं काम बरीच वर्षं प्रभाकडे होतं. तिला तो नियम आवडत नव्हता, पण पाळायची काटेकोर. जागा नसेल तर म्हाताऱ्या माणसांना ती उगाच आशेवर ठेवत नसे. "काका, आज काही खरं नाही. घरी जा, जेवा, उद्या या," असं स्वच्छ सांगायची. आणि एखाद्या बड्या साहेबांचा भाचा नियमात बसत नसताना घुसायला बघायचा, तेव्हा म्हणायची, "मामांना सांग, काउंटरवर प्रभा आहे." मामा काही यायचे नाहीत.

ती निवृत्त झाली तेव्हा हार, नारळ, शाल, सगळं झालं. साहेब बोलले, "प्रभाताई आज घरी जात असल्या तरी ही कंपनी त्यांचं कुटुंबच आहे." उत्तराला उठून प्रभा म्हणाली, "आभारी आहे. फक्त कुटुंबातल्या माणसाला दारात ताटकळत ठेवत नाहीत, एवढं लक्षात असू द्या." सगळे हसले. साहेबही हसले...

पुढच्याच वर्षी उषाला दिवस गेले. पहिलटकरीण, त्यात रक्तदाब वाढलेला, आणि जावई नोकरीपायी सतत फिरतीवर. दिवस भरायच्या आधीच डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवलं आणि उषाचा ट्रंक कॉल आला : आई, तू ये. प्रभानं बॅग भरली, पास घेतला आणि विमानतळ गाठला. पैसे देऊन तिकीट काढावं, तर त्या दिवसांत दिल्लीची विमानं आठवडा आठवडा आधी भरलेली. पहिल्या दिवशी ती परत आली. दुसऱ्या दिवशीही परत आली. "वाट लागली गं पायांची," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, मी तिच्यासोबत गेले. त्या दिवशी मात्र नशीब उघडलं. प्रभाच्या हातात बोर्डिंग पास पडला. मला हात करून ती आत गेली, आणि विमान उडताना बघावं म्हणून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

जिना लावलेला होता. प्रवासी चढले, प्रभा चढली. आता दार बंद होणार, तेवढ्यात एक जीप आली. तिच्यातून एक बाई आणि दोन मुलं उतरली, सोबत आमचा एक कनिष्ठ अधिकारी. तो धावत वर गेला. थोड्या वेळानं विमानाच्या दारात प्रभा दिसली. मागे आणखी दोघं निवृत्त, खाली मान घालून उतरणारे. प्रभा उतरली, पण बाजूला झाली नाही. जिन्याच्या पायथ्याशी भर उन्हात ती उभी राहिली. आत काय बोलणं झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. अधिकारी म्हणाला होता, "मोठ्या साहेबांच्या मेहुणीला जायचंय, लग्न आहे." प्रभा म्हणाली, "माझी मुलगी दवाखान्यात आहे. आणि हातात बोर्डिंग पास पडला की रांग संपते, हा नियम मी तुला शिकवलाय." तो म्हणाला, "मॅडम, नियम मला ठाऊक आहे. माझीही नोकरी आहे." पोलिसांना बोलावण्याची भाषा झाली, तेव्हा ती उठली.

ती खाली उभी असलेली मला अजून दिसते. साध्या सुती साडीतली, ठेंगणी, एक हात जिन्याच्या कठड्यावर. ती बाई मुलांना घेऊन तिच्या अंगावरून वर गेली, तिनं वळूनही पाहिलं नाही. मी गॅलरीतून ओरडले, पण इंजिनांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? अखेर सामान चढवणारे दोन लोडर आले. वर्षानुवर्षांची ओळख, तिला हात लावायची त्यांना लाज वाटत होती. एकानं हात जोडले. तेव्हा ती बाजूला झाली. विमान गेलं.

मग ती रेल्वेनं गेली, आरक्षणाशिवाय, दरवाजाजवळ बॅगेवर बसून. दिल्लीला पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मुलगी झाली होती, काही तास जगली होती. उषानं तिला एकटीनं मांडीवर घेतलं आणि एकटीनंच परत दिलं. शेजारच्यांनी पुढचं उरकलं होतं. प्रभाला त्या बाळाचं तोंडही दिसलं नाही. परत आल्यावर मला म्हणाली, "मी असते तर पोर वाचली असती असं नाही गं. पण उषाच्या पाठीवर हात असता." तेवढंच. प्रभाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही नाही.

आणि कंपनीनं काय केलं? विमानाला उशीर केला म्हणून तिचे पास बंद केले. मेहुणी लग्नाला वेळेवर पोचली असणार.

प्रभा गप्प बसणारी नव्हती. अंधेरी, पार्ला, मुलुंड, घाटकोपर... जिथे जिथे आमचे निवृत्त लोक राहत होते, तिथे तिथे ती घरोघर फिरली. लोक घाबरत होते. "आहेत ते पासही जातील," म्हणायचे. "जाऊ देत. उभं राहायचाच पास आहे तो," प्रभा म्हणायची. शेवटी चाळीसेक म्हातारी माणसं घेऊन ती कंपनीच्या कचेरीत गेली आणि स्वागतकक्षातल्या गालिच्यावर सगळी बसली. घोषणा नाहीत, काही नाही. दुपारी डबे उघडले. गालिच्यावर सुकटीचा वास दरवळला, तेव्हा साहेब खाली आले. असे बरेच दिवस गेले. अखेर नियम बदलला : घरात मृत्यू किंवा गंभीर आजार असेल, तर निवृत्तांना आणि त्यांच्या घरच्यांना पुढे घ्यायचं, साहेबांसाठी राखलेली खुर्चीही द्यायची. पण "घर" म्हणजे नवरा, बायको आणि कंपनीनं पास दिलेली मुलं. लग्न झालेली मुलगी त्यात नाही. मुलीचं लग्न झालं, की कंपनीच्या लेखी ती मुलगीच उरत नाही. प्रभा त्यावरही भांडत राहिली. पास पुन्हा सुरू झाले, पण तिनं एकदाही वापरले नाहीत. दिल्लीला जायची ती रेल्वेनं.

आणि मग ती गेली, झोपेतच. भास्कररावांचा तो फोन आला आणि मी विमानतळावर धावले. तिथून दिल्लीच्या आमच्या माणसांशी बोलले. उषा तिकडे काउंटरसमोर उभी होती, पूर्ण भाड्याचे पैसे हातात घेऊन. जागा नाही. मी म्हटलं, तिची आई गेली आहे, आमचीच माणूस होती, नियमात बसवा. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, विवाहित मुलगी..." दुपारचं विमान गेलं. त्यात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, कोणा बड्या माणसासाठी राखलेल्या. तो माणूस आलाच नाही, आणि ते कळेपर्यंत दार बंद झालं होतं. इथे आम्ही बर्फ आणून वाट पाहिली, पण मे महिन्यातल्या मुंबईत किती थांबणार? संध्याकाळी नेलं. उषा दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दारात उभी राहून तिनं रिकाम्या जमिनीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मावशी, माझ्यासाठी थांबला का नाहीत गं?"

शोकसभा कंपनीनंच भरवली. ज्यांच्या मेहुणीसाठी प्रभाला उतरवलं, तेच साहेब आता आणखी वर चढलेले, ते बोलायला उभे राहिले. "प्रभाताई म्हणजे आमच्या कुटुंबाचा आधारस्तंभ..." मी उठायला निघाले. पण माझ्या आधी भास्करराव उठले. सबंध आयुष्य हा माणूस बायकोच्या आवाजाआड शांत राहिलेला. ते एवढंच म्हणाले, "साहेब, एक विचारायचं होतं. माझी मुलगी तुमच्या कुटुंबात बसते का?" साहेब चष्मा पुसू लागले. भास्कररावांनी उषाचा हात धरला आणि ते बाहेर पडले. आम्ही बरेच जण त्यांच्या मागे निघालो. सभा पुढे झाली की नाही, मला ठाऊक नाही.

गेल्या रविवारी चकाल्याला गेले होते. उषा दिल्लीला परतली आहे, भास्करराव एकटेच असतात. त्यांनी बांगड्याचं कालवण केलं होतं, प्रभासारखं जमलं नव्हतं. जेवायला बसण्याआधी त्यांनी पातेल्यातला सगळ्यात मोठा तुकडा काढला, वाटीत ठेवला, वर रस घातला आणि वाटी झाकून कट्ट्यावर सरकवली. "कोणी यायचंय का?" मी विचारलं. "नाही हो. तिची पद्धत," ते म्हणाले. "कोळ्याचं घर ना. होड्या कधी परततील, नेम नाही. म्हणून शेवटी येणाऱ्याचं आधी काढायचं, मग आपण बसायचं... मी काय, तसंच करत राहिलो." आम्ही जेवलो. ताटं उचलली, ओटा पुसला. झाकलेल्या त्या वाटीला मात्र दोघांनीही हात लावला नाही.