दुसरं तिरुप्पत्तूर

आमच्याकडे मामाच्या मांडीशिवाय पोराचे कान टोचत नाहीत. बाप असो, आजोबा असो, गावचा पुढारी असो, त्या दिवशी त्यांच्या मांडीला कवडीची किंमत नसते. मामा आलाच नाही तर नात्यातल्या कोणाला तरी मामा म्हणून बसवतात, मुहूर्त साधतात, आणि मग ती बाई जन्मभर सासरी ‘भाऊ असून नसलेली’ म्हणून टोमणे खाते. मलैच्चामीला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच त्या गुरुवारी पहाटेच्या पहिल्या बसला तो मांडीवर आहेराचं ताट घेऊन बसला होता.

मलैच्चामी होसूरच्या स्टँडसमोरच्या खाणावळीत परोटा मास्तर. मूळचा मदुरैच्या पश्चिमेचा, उसिलंपट्टीकडचा. मिशी भरघोस, बोलणं कमी आणि अभिमान मात्र पोतंभर. बाप लवकर गेला, तेव्हा धाकटी बहीण पेच्ची ह्याच्याच खांद्यावर वाढली. आधी तिचं लग्न, मग माझं, असं तो सगळ्यांना सांगायचा. पण पेच्चीने स्वतःचं लग्न स्वतःच उरकलं, अडैक्कलम नावाच्या एका लॉरी ड्रायव्हरशी. मलैच्चामीच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘तुझं तोंड बघणार नाही’ म्हणाला, आणि सात वर्षं खरंच बघितलं नाही. ह्याचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं.

ती कुठे गेली, कुठे नांदते, हे त्याने कोणाला विचारलं नाही. विचारणार तरी कशाला, मिशी खाली आली असती ना! आई मरताना एवढंच म्हणाली, “पोरगी तिरुप्पत्तूरला असते.” तिरुप्पत्तूर म्हणजे होसूरहून कृष्णगिरीमार्गे दोन तास. कामानिमित्त तो तिथून दोन-चारदा गेलाही. दर वेळी बस स्टँडमध्ये शिरली की तो खिडकीतून बायकांचे चेहरे बघत बसायचा आणि बस निघाली की स्वतःवरच चिडायचा.

मग मागच्या आठवड्यात तिचाच फोन आला. “अण्णे, पोराचे कान टोचायचेत. गुरुवारी सकाळचा मुहूर्त. तिरुप्पत्तूरला उतर आणि तळ्याकाठचं अय्यनारचं देऊळ विचार, कोणीही सांगेल.” ह्यावर मलैच्चामी ‘हूं’ म्हणाला. सात वर्षांनी बहिणीशी बोललेला हा एकुलता एक शब्द.

तर तो तिरुप्पत्तूरला उतरला. कमरेला नवी पांढरी वेष्टी, ताटात नारळ, गूळ, केळ्यांची फणी, पेच्चीला साडी, पोराला सदरा आणि सोन्याचे इवलेसे डूल. रिक्षावाल्याला त्याने तळ्याकाठचा अय्यनार विचारला. रिक्षावाल्याने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने फुलवालीला. सगळ्यांनी माना हलवल्या. उन्हं वर येत होती. शेवटी नाक मुठीत धरून त्याने फोन लावला. तो अडैक्कलमने उचलला.

“मच्चान, कुठं आहात? सोनार येऊन बसलाय.”

मेव्हण्याने पहिल्यांदाच मच्चान, म्हणजे बायकोचा भाऊ, म्हटलं होतं. मलैच्चामी अवघडला. “स्टँडवर. इथं कुणाला अय्यनार माहीत नाही. कसलं गाव आहे तुमचं?”

“समोर कुठली बस लागलीय, सांगा बघू.”

“वाणियंबाडी. पलीकडे जोलारपेट.”

पलीकडे अडैक्कलम हळूच म्हणाला, “मच्चान, ते वेल्लूरकडचं तिरुप्पत्तूर. आमचं कारैक्कुडीजवळचं.”

एकाच नावाची दोन गावं, मध्ये अख्खा दिवस मोडेल एवढा रस्ता. मलैच्चामीच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात फोन पेच्चीच्या हातात गेला.

“पेच्ची, मला वाटलं तू इथंच असतेस. होसूरपासून दोन तासांवर.”

“सात वर्षं असंच वाटत होतं?”

“हो.”

“दोन तासांवर आहे असं वाटत होतं, तरी नाही आलास.”

तिने फोन ठेवला. मलैच्चामी ताट घेऊन भर स्टँडात उभा राहिला. लोक त्याला वळसा घालून जात होते. कोणी कानाखाली वाजवली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं. मग ‘सेलम, सेलम’ अशी हाक ऐकू आली आणि काही न ठरवताच तो पळत सुटला.

सेलमला बस बदलून तो कारैक्कुडीच्या गाडीत चढला. शेजारी एक आच्ची बसली होती, कारैक्कुडीची म्हातारी, कानाच्या पाळ्या खांद्याला टेकायला आलेल्या. तिने ताटाकडे एकदा आणि त्याच्या तोंडाकडे दोनदा बघितलं.

“कानटोचणी का रे तंबी?”

“हो.”

“मुहूर्त केव्हाचा?”

“सकाळचा.”

म्हातारीने बाहेर डोक्यावर आलेल्या सूर्याकडे पाहिलं. “बरं. भाच्याचं नाव काय?”

मलैच्चामीला नाव ठाऊक नव्हतं. ताटातला सदराही त्याने दुकानात शेजारच्या गिऱ्हाइकाचं पोर बघून अंदाजाने घेतला होता. म्हातारीने ओळखलं असावं, कारण ती पानाची चंची उघडून बसली. ते त्याला जास्त झोंबलं.

गाडी प्रत्येक थांब्यावर थांबत होती. कंडक्टर चहा घेई, ड्रायव्हर कोणाशी तरी गप्पा मारी, कोंबड्यांची खुराडी टपावर चढत. मलैच्चामीने दोनदा उठून “जरा हाका की” म्हटलं. कंडक्टर म्हणाला, “साहेब, विमानतळ सेलमलाच होता. तिथंच चढायचं होतं.” सगळी गाडी हसली. उकाड्याने केळी काळी पडू लागली होती. पेच्चीचा फोन बंद होता. अडैक्कलमचा वाजत होता, पण कोणी उचलत नव्हतं.

नामक्कल मागे पडल्यावर एकदाचा तो फोन उचलला गेला. बाईचा आवाज, करकरीत. पेच्चीची सासू.

“तंबी, मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. आमच्या जावयाला मामा म्हणून बसवून त्याच्या मांडीवर कान टोचला. तुम्ही उगाच दगदग करू नका, माघारी जा.”

त्याने काही म्हणायच्या आत तिने फोन ठेवला होता.

मुसिरीपासून कावेरी उजव्या हाताला वाहत होती, पण मलैच्चामीला ती दिसली नाही. संपलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आता तिथे कोणत्या तोंडाने जायचं? जावई मांडी घालून बसला असेल, पंगत उठली असेल, आणि आपण काळी केळी घेऊन दारात उभे. लोक म्हणतील, हा बघा मामा, ह्याला बहिणीचं गाव माहीत नाही.

त्रिचीला गाडी थांबली. समोरच होसूरची गाडी लागली होती. तो ताट घेऊन उतरला आणि सरळ तिच्या पायरीपाशी गेला.

“तंबी,” मागून खिडकीतून आच्ची ओरडली, “त्या गाडीत कुणाचे कान आहेत?”

“टोचून झाले म्हणे.”

“मग ती साडी आता कोण नेसणार? तू?”

आजूबाजूचे हसले. मलैच्चामी चिडला. पण पायरीवर पाय ठेवला आणि तो तिथेच थबकला. ही गाडी अशीच गेली असती होसूरला, आणि उद्या सकाळी तो मैदा मळायला उभा राहिला असता. अभिमान शाबूत. दोन तासांचा रस्ता सात वर्षं ह्याच अभिमानाने अडवून धरला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. मागे कारैक्कुडीच्या गाडीची शिट्टी वाजली, ती हलली, आणि मलैच्चामी वेष्टी एका हाताने वर धरून धावत्या गाडीत चढला. नारळ घरंगळून सीटखाली गेला, तो कंडक्टरने शोधून दिला. या खेपेला त्याने थट्टा केली नाही.

तिरुमयमला पुन्हा गाडी बदलून तो दुसऱ्या तिरुप्पत्तूरला पोचला तेव्हा सूर्य कलला होता. पहिल्याच रिक्षावाल्याला अय्यनार माहीत होता.

तळ्याकाठी अय्यनारला वाहिलेले मातीचे घोडे रांगेने उभे होते. ताडपत्री गुंडाळून ठेवलेली, भांडी घासून पालथी घातलेली, पाहुणे पांगलेले. सासूने त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. अडैक्कलम उठून दोन पावलं पुढे आला आणि बायकोकडे बघत थांबला. कडुलिंबाखाली पेच्ची बसली होती. वाळली होती. मांडीवर चार वर्षांचं पोर, तुळतुळीत डोक्यावर चंदन फासलेलं. त्याच्या एका कानात डूल होता आणि दुसरा कान मोकळा होता.

“एक टोचला यांनी,” पेच्ची म्हणाली. “म्हटलं, तुमच्या बाजूचा झाला. दुसरा माझ्या बाजूचा आहे. पोराला घेतलं आणि इथं येऊन बसले.”

“सकाळपासून?” मलैच्चामीने विचारलं.

“अर्ध्या कानाचं पोर घेऊन बसलीय,” सासू तिकडूनच म्हणाली. “सगळ्या गावाला तमाशा.”

पेच्चीने चटईवर पेंगणाऱ्या सोनाराला हलवलं, आणि भावाला म्हणाली, “बस.”

तो मांडी घालून बसला. पेच्चीने पोर त्याच्या मांडीवर दिलं. मघापर्यंत सुस्तावलेल्या पोराने सोनाराच्या हातातली सुई पाहिली. सकाळचं सगळं त्याला आठवलं आणि त्याने किंकाळी फोडली. लाथा झाडल्या, केळी उडवली, मामाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. मलैच्चामीच्या डोळ्यांत पाणी आलं, हात आपोआप ढिले पडले.

“सोडू नकोस,” पेच्ची म्हणाली. “सोडायची सवयच आहे तुला. आज धर.”

त्याने धरलं. पोराचं डोकं छातीशी घट्ट आवळलं, चंदन सगळं सदऱ्याला लागलं. सोनाराने हात चालवला, डूल अडकवला आणि मागे सरला.

पोर सुटून आईकडे पळालं. तिच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देत म्हणालं, “त्या माणसाला घरी पाठव.”

पेच्चीने पोराचे डोळे पुसले आणि सात वर्षांत पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं. “पाठवू का रे अण्णे?”

“मी नाही जात,” तो म्हणाला.

हे ऐकून पोराने आणखीच मोठा गळा काढला.